माळवदाच्या घरातला ॲम्प्लिफायर : आठ हजारांत केलेल्या एका निवडीचं प्रकरण

सेलूला माझ्या मोठ्या मामांचं घर अजून जुन्या बांधणीचं आहे. दगड-मातीच्या जाडजूड भिंती, वर सागवानी तुळया आणि माळवद, खाली शहाबादी फरशी. मामा शाळेत गणित शिकवायचे. निवृत्त होऊन ९ वर्षं झाली. त्यांच्या मुलाने पुण्यात घर बदललं तेव्हा आपले दोन स्पीकर त्यांना आणून दिले. लाकडी पेटीतले, प्रत्येकात खालच्या सुरांसाठी सव्वापाच इंची वूफर आणि वर, वरच्या सुरांसाठी, एक ट्वीटर. स्पीकर उत्तम स्थितीत होते. त्यांच्याबरोबरचा ॲम्प्लिफायर मात्र आधीच बिघडून भंगारात गेला होता. म्हणजे स्पीकर आहेत, वाजवायला काही नाही.

मामांना ऐकायचं काय, हे आधी सांगतो, कारण पुढचे सगळे आकडे त्यावरच बसतात. त्यांच्या वडिलांचा, म्हणजे माझ्या आजोबांचा (मामा त्यांना तात्या म्हणतात), पखवाज गंगाखेडपासून मानवतपर्यंतच्या सप्ताहांमध्ये वाजायचा. त्या सप्ताहांच्या पंचवीस-तीस कॅसेट पत्र्याच्या ट्रंकेत जपून ठेवलेल्या आहेत. शिवाय शास्त्रीय गायन, नाट्यसंगीत, मोबाइलवरून अभंग. पहाटे काकड्याच्या वेळी तासभर आणि संध्याकाळी दिवाबत्ती झाली की दोन तास, असा त्यांचा नेम. मोठ्या आवाजाची हौस अजिबात नाही. पण पखवाजावर थाप पडली की ती थापच वाटली पाहिजे, हा हट्ट आहे.

गावातल्या एका दुकानातून त्यांनी २,८०० रुपयांना असेंबल केलेला ॲम्प्लिफायर आणला. पत्र्याची काळी पेटी, पुढे निळे दिवे, बास-ट्रेबलचे नॉब आणि पट्टीवर ठळक अक्षरांत '२०० वॅट'. आत ५२००-१९४३ ट्रान्झिस्टरच्या जोड्यांचा बोर्ड आणि २४-०-२४ चा, ३ अँपिअरचा ट्रान्सफॉर्मर. हा बोर्ड आपल्याकडे कुठल्याही तालुक्याच्या गावाला मिळतो, दुरुस्त करणाराही मिळतो, आणि नीट बांधला तर चांगला वाजतो. मी स्वतः सोल्डरिंग शिकलो ते याच बोर्डावर.

पंधरा दिवसांनी मामांचा फोन आला.

"अरे, आवाज यायलाय, पण फाटायलाय. पहाटं बरा असतोय. संध्याकाळी पार चिरकायलाय."

"मामा, बास आणि ट्रेबल कुठपर्यंत फिरवलंय तुम्ही?"

"दोन्ही शेवटपर्यंत. त्याबिगर थाप ऐकूच येत नाही की."

मी नॉब मधोमध आणायला सांगितले आणि रविवारी येतो म्हटलं. त्याआधीच शुक्रवारी पहाटे ४ वाजता खोलीत फटाका फुटल्यासारखा आवाज झाला आणि धूर कोंडला. रात्री स्विच चालूच राहिला होता.

फुटलेल्या कपॅसिटरने सांगितलेली गोष्ट

रविवारी पेटी उघडली. वीज साठवून पुढे देणाऱ्या दोन मोठ्या कपॅसिटरपैकी एकाच्या डोक्यावरची खाच चारी बाजूंनी उकलली होती, आतला तपकिरी कागद झाकणाला चिकटला होता आणि माशासारखा आंबूस वास पेटीत भरून राहिला होता. अंगावर छापलेलं वाचलं : ४७०० मायक्रोफॅरड, ३५ व्होल्ट.

इथेच चूक होती. ट्रान्सफॉर्मरची एक बाजू २४ व्होल्ट एसी देते. ती डायोडमधून जाऊन कपॅसिटरवर साठते तेव्हा १.४१ पट होते, म्हणजे जवळपास ३४ व्होल्ट डीसी. ३५ च्या कपॅसिटरला हे कसंबसं चाललं असतं, पण हा हिशेब घरात बरोबर २३० व्होल्ट येतात असं धरून केलेला. गाणं बंद असताना ट्रान्सफॉर्मरवर ओझं नसतं, तेव्हा तो छापलेल्यापेक्षा थोडं जास्तच देतो. त्यात लाईन चढली तर? मी मामांना भिंतीच्या सॉकेटमध्ये लावायचा छोटा डिजिटल व्होल्टमीटर दिला आणि सांगितलं, पंधरा दिवस जमेल तेव्हा आकडा लिहून ठेवा.

गणिताच्या मास्तरांना एवढं सांगणं पुरेसं असतं. त्यांनी शाळेच्या शंभरपानी वहीत रकाने आखून रोज चार वेळा नोंद केली. त्यातल्या एका दिवसाची ओळ अशी : सकाळी ७ ला २२४, दुपारी २ ला २०९, संध्याकाळी ७ ला १८८, पहाटे ४ ला २५६.

त्यांचं घर डीपीपासून, म्हणजे गावच्या ट्रान्सफॉर्मरपासून, सगळ्यात लांब, ओळीच्या शेवटी आहे. संध्याकाळी गावभर दिवे, पंखे, टीव्ही, पिठाची गिरणी चालू असते. तारांमधून करंट जास्त जातो, तितका दाब, म्हणजे व्होल्ट, वाटेतच पडतो आणि शेवटच्या घराला १८८ उरतात. पहाटे सगळं बंद. वाटेत काही पडत नाही आणि निघालेला दाब जवळपास जसाच्या तसा येतो. २५६ व्होल्टला २४ चे जवळजवळ २७ होतात आणि कपॅसिटरवर ३७-३८ चढतात. ३५ चा माल पहाटे ४ वाजता फुटला, यात नवल काही नाही. तिथे ५० व्होल्टचे कपॅसिटर हवे होते, ६३ चे असते तर आणखी निर्धास्त.

संध्याकाळी आवाज फाटण्याचं कारणही याच वहीत होतं. साध्या ट्रान्सफॉर्मरच्या ॲम्प्लिफायरमध्ये आतला दाब लाईनबरोबर वर-खाली होतो, आणि वॅट दाबाच्या वर्गाने बदलतात. १८८ भागिले २३० म्हणजे ०.८२, त्याचा वर्ग ०.६७. म्हणजे २३० वर ४० वॅट देणारा ॲम्प्लिफायर संध्याकाळी २७ च देतो. पट्टीवरचे २०० वॅट तर आधीपासूनच नव्हते. ४८ व्होल्ट गुणिले ३ अँपिअर, हा ट्रान्सफॉर्मर मुळात १४४ चा. त्यातला बराच भाग ट्रान्झिस्टर तापवण्यात जातो आणि दोन्ही बाजू मिळून ७०-८० वॅट उरतात.

ॲम्प्लिफायर फुटला की माझा जीव आधी स्पीकरसाठी खालीवर होतो, कारण अशा बोर्डाच्या आउटपुटवर कधीकधी थेट डीसी येतो आणि वूफरची कॉइल जळते. या पेटीत डीसीपासून वाचवणारा रिले, म्हणजे आपोआप तुटणारा स्विच, नव्हताच. वूफरच्या कागदावर मधल्या टोपीच्या दोन बाजूंना बोटांची टोकं ठेवून अगदी हलक्या हाताने, सरळ आत दाबलं. कॉइल जळून फुगली असेल तर घासल्याची खरखर बोटांना जाणवते. जाणवली नाही. मग मल्टिमीटर लावला : एक ४.९ ओम, दुसरा ५.० ओम. सहा ओमच्या स्पीकरची तार मीटरवर एवढीच दिसते. दोन्ही जिवंत होते.

थाप का ऐकू येत नव्हती

खरा गोंधळ इथे होता, आणि तो ॲम्प्लिफायर बदलून मिटणार नव्हता.

मामींनी स्पीकर जपून ठेवावेत म्हणून दोन कोनाड्यांत बसवले होते. दिसायला छान, जणू कोनाडे त्यांच्यासाठीच केलेले. पण या स्पीकरना मागच्या बाजूने हवा जायला गोल भोक आहे. कोनाड्यात ते भोक भिंतीला टेकलं होतं, आणि तिन्ही बाजूंनी दगड. त्यामुळे खालचा आवाज कोनाड्यातच घुमत राहायचा. पखवाजाच्या डाव्या अंगाचा घुमारा लांबत जायचा आणि त्याखाली उजव्या हाताच्या थापेची धार बुडून जायची. मामांना वाटलं, थाप ऐकू येत नाही म्हणजे बास कमी आहे. म्हणून त्यांनी बास शेवटपर्यंत फिरवला. त्यावर ट्रेबलही कमी वाटला, तोही फिरवला.

बासचा नॉब शेवटी नेला की खालचे सूर साधारण १० डेसिबलने (डेसिबल म्हणजे आवाजाचं माप) वाढतात. ऐकायला हे साधं वाटतं, पण १० डेसिबल म्हणजे दहापट वॅट. जिथे ५ लागत होते तिथे ५० मागायचे, तेही १८८ व्होल्टवर २७ देणाऱ्याकडून. तो बिचारा लाटेची डोकी छाटणारच, आणि छाटलेली लाट म्हणजेच फाटलेला आवाज. या प्रकारात स्पीकरला धोका जास्तच असतो, कारण छाटलेल्या लाटेत वरच्या सुरांची ताकद वाढते आणि ती थेट नाजूक ट्वीटरवर जाऊन पडते. कमी वॅटचा ॲम्प्लिफायर स्पीकरला सुरक्षित, असं पुष्कळजण धरून चालतात. तो ताणला नाही तोवरच ते खरं.

आम्ही स्पीकर कोनाड्यांतून काढले आणि पूजेच्या जुन्या दोन चौरंगांवर एकावर एक पाट रचून ठेवले, ट्वीटर बसल्यावर कानाच्या उंचीला येईल असे. मागच्या भिंतीपासून हातभर अंतर ठेवलं. समोर फरशीवर घोंगडी अंथरली, कारण शहाबादी फरशी वरचे सूर आरशासारखे परतवते. माळवदाच्या खोलीचा एक गुण मला इथे कळला : तुळया आणि चिपा एकसारख्या सपाट नसल्यामुळे छतावरून आवाज परतताना विखुरतो. नव्या स्लॅबच्या खोलीत टाळी वाजवली की जी झणझण येते, ती इथे येत नाही.

खर्च शून्य.

मग माझ्याकडचा एक लहान ॲम्प्लिफायर लॅपटॉपच्या १९ व्होल्टच्या ॲडाप्टरवर जोडून दिला. दोन संध्याकाळ मामांनी तो ऐकला, सगळे नॉब मधोमध ठेवून. तिसऱ्या दिवशी म्हणाले, "आता थाप तोंडावर यायलीय. पण हा तुझा हाय, परत घेऊन जा. मला माझा सांग."

किती वॅट लागतात

स्पीकरच्या मागच्या कागदावर तीन गोष्टी होत्या : ६ ओम, ८७ डेसिबल २.८३ व्होल्टला १ मीटरवर, आणि '२०-८० वॅट'चा ॲम्प्लिफायर वापरावा. तिसरी फारशी उपयोगाची नाही. पहिल्या दोनमधून सगळं निघतं.

२.८३ व्होल्ट हा आकडा ८ ओमसाठी धरलेला आहे. ८ ओमला एवढा दाब दिला की बरोबर १ वॅट होतो. ६ ओमला तेवढ्याच दाबात १.३३ वॅट जातात. म्हणजे १ वॅटच्या भाषेत हा स्पीकर ८७ नव्हे, ८६ च्या जवळ आहे. दोन कंपन्यांचे स्पीकर शेजारी ठेवून तुलना करताना ही मेख लक्षात ठेवावी. ४ ओमचा स्पीकर याच पद्धतीने कागदावर ३ डेसिबल जास्त दाखवतो आणि ॲम्प्लिफायरकडून दुप्पट वॅट ओढतो. ओमचं म्हणाल तर बोअरच्या पाइपासारखं आहे : पाइप रुंद तर पाणी जास्त, आणि मोटरीवर ताणही जास्त. शिवाय ६ ओम हा ढोबळ आकडा. सुराप्रमाणे तो कुठे ४ ला येतो, कुठे २० च्या वर जातो. म्हणून ४ ओमला न डगमगणाराच ॲम्प्लिफायर पाहायचा.

आता खोली. मामांची आरामखुर्ची स्पीकरपासून ९ फुटांवर, म्हणजे पावणेतीन मीटर. एवढ्या अंतरात सुमारे ९ डेसिबल गळतात, आणि दोन स्पीकर असल्याने ३ परत मिळतात. ८६ मधून ९ वजा, ३ मिळवा : खुर्चीत ८० डेसिबल, दर बाजूला १ वॅट देऊन. भिंतींची मदत धरली तर थोडं जास्तच.

मामा नेहमी ऐकतात तेव्हा मी मोबाइलवर आवाज मोजला. ६८ ते ७० डेसिबल. मोबाइलचं मोजमाप काटेकोर नसतं, पण अंदाज येतो. ७० म्हणजे ८० पेक्षा १० डेसिबल खाली, आणि १० डेसिबल खाली म्हणजे एक दशांश वॅट. हा आकडा ऐकून मामांनी वही पुढे ओढली आणि स्वतः पुन्हा मांडून पाहिला. बरोबर निघाला. पट्टीवर २०० वॅट लिहिलेली पेटी घेऊन ते रोज ०.१ वॅटवर ऐकत होते.

पण सरासरीवर ॲम्प्लिफायर घेता येत नाही. गायकाचा आवाज ७० वर चाललेला असताना पखवाजाची थाप क्षणभर २० डेसिबल वर उसळते. ९० डेसिबलला १० वॅट लागतात. दसऱ्याला घर भरलेलं असतं, तेव्हा आवाज आणखी ६ डेसिबलने चढवला तर त्याच थापेला ४०. म्हणजे गरज ठरली : रोजसाठी १०, सणासाठी ४० च्या आसपास, खरेखुरे, दोन्ही बाजू एकदम वाजताना. याच्या पलीकडे ८० वॅटचा घेतला तरी दुप्पट वॅटला फक्त ३ डेसिबल मिळतात, कानाला जेमतेम कळेल एवढे.

काय काय पाहिलं

भजनी मंडळातल्या मामांच्या मित्रांनी मंडपवाल्यांकडे असतो तसा पी. ए. ॲम्प्लिफायर सुचवला. तो दणकट खरा, पण एकाच आवाजाचा; डावं-उजवं वेगळं नाही. त्याची १०० व्होल्टची लाईन लांबच्या भोंग्यांसाठी असते. देवळाच्या पारासाठी योग्य, या खोलीसाठी नाही.

फुटलेला बोर्ड दुरुस्त करणं हा पर्याय मी मनापासून तोलला. ६३ व्होल्टचे कपॅसिटर, डीसीपासून वाचवणारा रिले, थोडी वायरिंग, सगळं मिळून हजारात बसलं असतं. आवाजही पुरेसा होता. मागे सरलो ते त्या वहीमुळे. १८८ ते २५६ अशी लाईन रोज सहन करायची तर ट्रान्सफॉर्मरच्या पेटीला चांगला स्टॅबिलायझर लागतो, आणि स्टॅबिलायझरचा रिले संध्याकाळी खटखटत राहिला की ऐकण्याची मजाच जाते. लाईन स्थिर असलेल्या घरासाठी मी हाच पर्याय पहिला सांगितला असता.

संभाजीनगरला शहागंज भागात एका दुकानात १९९० च्या दशकातला जपानी ॲम्प्लिफायर पाहिला, ४५ वॅटचा, साडेसात हजारांना. जड, सुंदर, ॲल्युमिनियमचा मोठा नॉब. मन गेलं होतं. पण नॉब फिरवताना कागद चुरगळल्यासारखी करकर, आणि उजवी बाजू नॉब थोडा वर नेल्यावरच जागी व्हायची. मागे वाकून पाहिलं तर लिहिलेलं : १०० व्होल्ट. जपानच्या घरगुती विजेचा. तो सरळ आपल्या सॉकेटला लावला असता तर तिथेच खलास. २३० चे १०० करणारा वेगळा ट्रान्सफॉर्मर, तीस वर्षांचे वाळलेले कपॅसिटर बदलणं, नॉब साफ करणं, हे धरलं तर आमच्या आठ हजारांच्या बजेटचे बारा झाले असते. जुना माल वाईट नसतो. ज्याला स्वतः उघडता येतो किंवा ज्याच्याजवळ भरवशाचा कारागीर आहे, त्याने जरूर घ्यावा. सेलूत पहाटे ऐकणाऱ्या सत्तरीच्या माणसाला तो द्यावा असं मला वाटलं नाही.

उरला क्लास डीचा, म्हणजे ट्रान्झिस्टर झटझट चालू-बंद करून चालणारा, लहान ॲम्प्लिफायर, टीपीए ३११६ या चिपवर चालणारा. माझ्याकडचा चाचणीचा होता तोही याच जातीचा. हाताच्या पंजाएवढा, ब्लूटूथसकट, आणि वेगळ्या ॲडाप्टरवर चालणारा. खोक्यावर '१०० + १०० वॅट' होतंच. ते विसरायचं आणि ॲडाप्टरची पाठ वाचायची. या चिपमध्ये प्रत्येक स्पीकर दोन्ही टोकांनी हलवला जातो, त्यामुळे जास्तीत जास्त वॅट काढायला सोपं सूत्र आहे : व्होल्टचा वर्ग, भागिले ओमची दुप्पट. २४ चा वर्ग ५७६, भागिले १२, म्हणजे ४८. आवाज न फाटता यापेक्षा वर तो २४ व्होल्टवर जाऊच शकत नाही, खोक्यावर काहीही छापलेलं असो. चिप बनवणाऱ्यांचा स्वतःचा आकडा ४ ओमला २१ व्होल्टवर ५० वॅटचा आहे, पण तो आवाज दहा टक्के बिघडलेला धरून. आमच्या ६ ओमला स्वच्छ असे पस्तीसेक वॅट धरले. दसऱ्याच्या ४० पेक्षा अर्धा-पाऊण डेसिबल कमी. चालेल.

ॲडाप्टर मात्र २४ व्होल्ट ४.५ अँपिअरचाच पाहिजे, असं विकणाऱ्याला बजावून सांगितलं, कारण तोच ॲम्प्लिफायर २ अँपिअरच्या ॲडाप्टरसह स्वस्तात विकतात. २४ गुणिले २ म्हणजे ४८ वॅट, तेही दोन्ही बाजू मिळून. पहिल्या मोठ्या थापेला तो मान टाकतो.

आणि निर्णय ज्यावर झाला तो मुद्दा : असा ॲडाप्टर १०० ते २४० व्होल्टपर्यंत काहीही आलं तरी बाहेर २४ च देतो. संध्याकाळी ७ ला १८८ असले तरी ४८ चे ४८. पहाटेच्या २५६ साठी मध्ये व्होल्टेज प्रोटेक्टर बसवला, २५० च्या वर लाईन आपोआप तोडणारा. चांगले ॲडाप्टर २६४ पर्यंत तग धरतात, पण रोज काठावर चालवायचं कशाला.

भिंतीतली तीन तारांची पट्टी

नवा ॲम्प्लिफायर जोडायला गेलो आणि थबकलो. जुन्या वायरमनने लाकडी पट्टीतून दोन स्पीकरसाठी तीनच तारा नेल्या होत्या : दोन अधिक, आणि उणे दोघांना मिळून एक. जुन्या पेटीला ते चाललं, कारण तिच्यात दोन्ही उणे आत एकच असतात. या क्लास डीच्या चिपमध्ये काळा टर्मिनल म्हणजे ग्राउंड नव्हे. त्यातूनही आवाजच जातो. दोन काळे एकत्र बांधले तर डावी-उजवी बाजू एकमेकांवर शॉर्ट होतात. नशीब चांगलं तर चिप स्वतःला बंद करते, नाहीतर जळते. असा ॲम्प्लिफायर जुन्या वायरिंगवर जोडणाऱ्या प्रत्येकाने आधी तारा मोजाव्यात, एवढं मी अगदी हात जोडून सांगेन.

ती तार तशीही बदलायलाच हवी होती. अगदी बारीक. ८ मीटर जाऊन-येऊन १६ मीटरला अर्धा ओम रोध. ६ ओमपुढे अर्धा ओम म्हणजे पाऊण डेसिबल वाटेतच. त्याजागी १.५ चौरस मिलिमीटरची दुपदरी वायर प्रत्येक स्पीकरला वेगळी टाकली.

लाईट गेल्यावर काय, हा प्रश्न मामींनी विचारला आणि उत्तर गोठ्यात सापडलं. फवारणी पंपाची १२ व्होल्टची बॅटरी. हा ॲम्प्लिफायर १२ वरही चालतो. सूत्राने १४४ भागिले १२, म्हणजे जास्तीत जास्त १२ वॅट. रोजच्या १० वॅटच्या थापेला पुरेसे. जॅकची आतली पिन अधिक, बाहेरची नळी उणे, हे मीटरने तपासून, मध्ये फ्यूज टाकून तार करून दिली. फक्त एक पथ्य : बॅटरी चार्जिंगला लावलेली असताना ॲम्प्लिफायर जोडायचा नाही. आणि कुणी हौसेने दोन बॅटऱ्या ओळीत जोडून २४ करू गेलं, तर चार्ज होताना त्या २८ च्या वर जातात आणि चिपची मर्यादा २६ ची आहे.

स्वयंपाकघरातही दोन स्पीकर याच ॲम्प्लिफायरला जोडून हवे होते. ६ आणि ६ ओम समांतर म्हणजे ३ ओम. नाही म्हणावं लागलं. मामींसाठी वेगळा रेडिओ आणला, माझ्याकडून.

हिशेब वहीच्या शेवटच्या पानावर मामांच्या अक्षरात आहे : ॲम्प्लिफायर ॲडाप्टरसह ५,४००, प्रोटेक्टर ७५०, १६ मीटर वायर ६४०, कॅसेट डेक जोडायची आरसीए वायर १८०, फ्यूज आणि जॅक ६०. एकूण ७,०३०.

आठ महिने झाले. प्रोटेक्टर पहाटे अधूनमधून लाईन तोडतो, तेव्हा काकडा बॅटरीवर होतो. गेल्या खेपेला गेलो तर गंगाखेडच्या सप्ताहाची कॅसेट लावलेली होती. मामा मध्येच हात वर करून थांबा म्हणाले. "ऐक. डावीकडची कणीक वाळत आलीय. आता तात्या थांबून पाण्याचा हात लावतेत बघ." दोन आवर्तनांनंतर पखवाज थांबला, आणि परत सुरू झाला तेव्हा डावं अंग खरोखर खाली, भरीव बोललं. मी ती कॅसेट लहानपणापासून ऐकतोय, मला हे कधी कळलं नव्हतं.

त्यानंतर कॅसेटमधल्या हार्मोनियमचा सूर लागला आणि दोघांनाही जाणवलं की तो किंचित खाली घसरतोय. डेकचा बेल्ट सैल झालाय. शिल्लक ९७० रुपये त्यासाठी बाजूला ठेवलेत. बेल्टची मापं घेऊन आलोय.